‘वापरकर्ता खाते तयार करा’ म्हणजे नेमके कोणते खाते?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीचे संगणकाचे काम मी पाहतो. तेथील एका संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली घालून मी त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर ‘ॲप्ट’ने, म्हणजे उबुंटूच्या तयार पॅकेजे बसवणाऱ्या आज्ञेने, बसवला. ‘पोस्टग्रेस नावाचे वापरकर्ता खाते तयार करा’, अशी सूचना होती. पण आज्ञा देताच ते खाते आधीच आहे, असा संदेश आला. त्यात शिरायला गेलो तर मी कधी ठरवलाच नव्हता असा पासवर्ड विचारला गेला. शेवटी एका परिचितांच्या सांगण्यावरून डेटाच्या फोल्डरला ७७७ ही, म्हणजे सर्वांना सर्व काही करू देणारी, परवानगी दिली आणि तेव्हापासून सर्व्हर सुरूच होत नाही. माझे कोठे चुकले? माझ्यानंतर येणाऱ्यासाठी मराठीत टिपण लिहायचे आहे, त्यात हा भाग कसा मांडावा?

– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी बंद पडलेल्या सर्व्हरचे पाहू. डेटाचे फोल्डर मालकाखेरीज इतरांना खुले दिसले तर पोस्टग्रेस सुरू होण्यासच नकार देतो. त्याला ७०० (फक्त मालकाला मुभा) किंवा, ११व्या आवृत्तीपासून, ७५० (शिवाय मालकाच्या गटाला वाचण्यापुरती मुभा) एवढीच परवानगी चालते. त्या फोल्डरला पुन्हा ७०० द्यावी. आतल्या सगळ्या फाइलींनाही ७७७ लागली असेल, तर आतल्या फोल्डरांना ७०० आणि फाइलींना ६०० असे पूर्ववत करावे. ‘७७७ करून बघा’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो; हिशेबाच्या संगणकावर तो कधीही मानू नये.

आता मूळ घोटाळा. आपण वाचलेली सूचना सोर्स कोडपासून (प्रोग्रामच्या मूळ संहितेपासून) स्वतः सर्व्हर उभारणाऱ्यांसाठी आहे, कारण त्यांना हे खाते हाताने तयार करावे लागते; ‘ॲप्ट’ने पॅकेज बसवले की ते आपोआप तयार होते. त्याला पासवर्ड नसतोच, म्हणून ‘एसयू’ने (दुसऱ्या खात्यात शिरण्याच्या आज्ञेने) विचारलेला पासवर्ड कोणालाच ठाऊक असणे शक्य नाही. आपल्या नेहमीच्या खात्यातून ‘सुडो –यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ असे द्यावे, म्हणजे पोस्टग्रेस खात्याच्या नावाने ‘पीएसक्यूएल’ हा डेटाबेसशी बोलणारा प्रोग्राम सुरू होतो. तेव्हा जो पासवर्ड मागितला जातो, तो आपला स्वतःचा असतो.

हे वेगळे खाते हवे कशाला, तर सर्व्हरमधून कोणी आत घुसलाच तरी त्याच्या हाती सगळा संगणक लागू नये म्हणून. सर्वाधिकार असलेल्या रूट खात्यातून तर पोस्टग्रेस चालतच नाही. या खात्याच्या मालकीचा फक्त डेटा असावा, सर्व्हरच्या मूळ प्रोग्रामच्या फाइली नसाव्यात, म्हणजे घुसलेल्याला त्या बदलता येत नाहीत.

मात्र खरी अडचण ‘वापरकर्ता’ या शब्दाची आहे, आणि ती आपल्या टिपणातही येईल. लिनक्समध्ये ‘पोस्टग्रेस’ नावाचे खाते असते आणि डेटाबेसच्या आतही त्याच नावाचा वापरकर्ता असतो, ज्याला तेथे ‘रोल’ म्हणतात. नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत. त्याच संगणकावरून, होस्टचे (संगणकाचे) नाव न देता जोडणी करताना उबुंटूवर मूळ सेटिंगनुसार ‘पीअर’ ही पद्धत असते, म्हणजे लिनक्स खात्याचे नाव रोलच्या नावाशी जुळते का, एवढेच पाहिले जाते. म्हणूनच आपल्या खात्यातून ‘पोस्टग्रेस’ रोल मागितला की ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ असे उत्तर मिळते, आणि रोलला पासवर्ड दिला तरी या ठिकाणी त्याचा उपयोग होत नाही. ‘क्रिएटयूजर’ या आज्ञेनेही लिनक्सचे खाते तयार होत नाही, रोल तयार होतो. हे नाव ठेवणाऱ्यांनी नवशिक्यांचा फारसा विचार केलेला दिसत नाही.

तेव्हा टिपणात लिनक्सच्या खात्याला सर्वत्र ‘खाते’ आणि डेटाबेसमधल्याला सर्वत्र ‘रोल’ म्हणावे, आणि ‘वापरकर्ता’ हा शब्द कोठेच वापरू नये. मी असे लिहीन : ‘पोस्टग्रेस हे खाते पॅकेजने तयार केलेले आहे, ते नव्याने करू नये आणि त्याला पासवर्ड देऊ नये. ते आहे की नाही हे आयडी पोस्टग्रेस या आज्ञेने पाहावे.’ प्रत्येक आज्ञेआधी ती कोणत्या खात्यातून द्यायची हे शब्दांत लिहावे. ओळीच्या आरंभीच्या डॉलर चिन्हाने साधे खाते आणि हॅश चिन्हाने रूट सुचवण्याची रीत आहे खरी, पण नवख्या माणसाला ती चिन्हे आज्ञेचाच भाग वाटतात. पेढीच्या बिलांच्या प्रोग्रामला मात्र ‘पोस्टग्रेस’ रोल देऊ नये. त्याच्यासाठी ‘क्रिएटयूजर’ने पासवर्डसह वेगळा रोल करावा आणि त्याच रोलच्या मालकीचा डेटाबेस काढून द्यावा; हा पासवर्ड ‘लोकलहोस्ट’ असे होस्टचे नाव देऊन जोडणी करताना उपयोगी पडतो.