गडचिरोलीत जनमत मोजताना

शासनाला किती पाठिंबा आहे, हे मतदानाच्या टक्केवारीवरून ठरवण्याची घाई करू नका. २००९ पासूनच्या गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात ब्रह्मपुरी आणि आमगावही येतात, त्यामुळे एकूण आकड्यात भामरागड-एटापल्ली हे दुर्गम तालुके झाकोळून जातात. शिवाय जिथे नक्षलवाद्यांची मतदान-बहिष्काराची पत्रके लागत, बोटावरची शाई जोखमीची ठरे आणि मतदान केंद्र सुरक्षेसाठी दुसऱ्या गावी हलवलेले असे, तिथे कमी मतदानामागे नाराजी होती, भीती होती की निव्वळ अंतर, हे वेगळे करता येत नाही. नक्षलवाद्यांना गावात येऊ न देण्याच्या, म्हणजे गावबंदीच्या, ठरावांना विकासनिधी जोडलेला असल्याने तेही निखळ माप नव्हे.

थेट प्रश्न तर विचारूच नका, कारण त्यात उत्तर देणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या लोकांना चार साधी विधाने आणि उरलेल्यांना तीच चार अधिक शासनाच्या पाठिंब्याबद्दलचे एक संवेदनशील विधान ऐकवा, पटलेल्या विधानांची फक्त संख्या विचारा. दोन्ही गटांच्या सरासरीतील फरकावरून पाठिंब्याचे प्रमाण कळते. यासाठी नमुना मोठा लागतो, विधाने माडिया या स्थानिक आदिवासी भाषेतच हवीत आणि पोलिसांच्या सोबतीने कदापि जाऊ नये.