भट्टीचं काम, मापाचं काम

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री दोनदा वाचला. वडिलांना अर्धांगाचा झटका, घरात आई एकटी, आणि त्यातच पुण्याच्या कंपनीनं पाचही दिवस ऑफिसात या म्हणून कळवलेलं. नोकरी सोडू की गाव सोडू, असं तू विचारतेस. मधली एक वाट आहे, आणि ती तू अजून कुणाकडे मागितलेलीच नाहीस. म्हणून हे पत्र.

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेतलं माझं वर्कशॉप तू पाहिलं आहेस, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो आम्ही. पंधराएक वर्षांपूर्वी तिथं माप तपासायला एक बाई होत्या. व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, आणि तो ज्या भोकात सरकतो ते बोअर, यांच्यात फट ठेवायची ती काही मायक्रॉनची, केसापेक्षा कितीतरी बारीक. ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला स्पूल हाताला कोमट लागतो. पोलाद तापलं की फुगतं, त्यामुळे तेव्हा घेतलेलं माप खोटं. माप धरायचं ते 20 अंश सेल्सिअसचं, हा जगभरचा नियम. बाई संध्याकाळी एकेक स्पूल पुसायच्या, मापाच्या खोलीत ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ओळीनं मांडायच्या आणि घरी जायच्या. सकाळी आल्या की आधी खोलीतला थर्मामीटर बघायचा, मग मायक्रोमीटर हातात घ्यायचा. त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही.

मूल झाल्यावर त्या म्हणाल्या, "दहा ते तीन येते. रिपोर्ट घरून करून पाठवते." मी म्हटलं, "तुम्हाला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील." त्यांनी वाद घातला नाही. महिनाअखेरीला हिशेब घेऊन गेल्या. पुढच्या वर्षभरात गिऱ्हाइकाकडून पेट्यांवर पेट्या परत आल्या, आणि त्यातली एक उघडताना मला कळलं, की त्यांच्या कामाला आठ तासांची हजेरी लागतच नव्हती. लागत होतं ते त्यांचं लक्ष. मी हजेरी राखली आणि लक्ष घालवलं.

आमच्या शेजारी फाउंड्री आहे. तिथं असं चालणार नाही. लोखंड वितळलं की ते ठरल्या वेळेत साच्यात पडायलाच हवं, निवलं तर ओतकाम वाया. भट्टीवरच्या माणसाला घरून काम देता येत नाही, त्यानं भट्टीच्या वेळेलाच यावं लागतं. म्हणून "सगळ्यांना लवचिक वेळ द्या" असं सरसकट मी म्हणणार नाही. पण प्रत्येक नोकरीत काही काम भट्टीचं असतं आणि काही मापाचं. तुझं थ्रीडी मॉडेल, ड्रॉइंग, टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचे, हिशेब हे मापाचं काम. प्रोटोटाइपची जुळणी, व्हेंडरकडे उभं राहून पहिला नग तपासणं हे भट्टीचं. गेल्या सहा महिन्यांची कामं वहीत लिहून काढ आणि प्रत्येकासमोर यातला एक शब्द लिही. तुझ्या अर्जाचा निम्मा मजकूर तिथंच तयार होईल.

"आईवडिलांसाठी मला घरून काम द्या" असं लिहू नकोस. कारण खरं आहे, पण त्यात तुझा साहेब फक्त दया दाखवू शकतो, आणि दयेवर मिळालेली सवलत पुढच्या साहेबाबरोबर जाते. त्याऐवजी लिही, की महिन्यातले अमुक दिवस मी पुण्यात असेन, भट्टीची कामं त्या दिवसांत, बाकीची घरून, तीन महिने करून बघू, नाही जमलं तर मी स्वतः पुण्याला येईन. मागणीला मुदत असली की समोरच्याला हो म्हणायची भीती कमी वाटते.

आकडा मागितला तर तोही दे. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलं. राजीनामे एक तृतीयांशानं घटले, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही. 2024 साली ते निष्कर्ष छापून आले. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की प्रयोगाआधी मॅनेजरांना वाटत होतं काम घसरेल, आणि प्रयोग संपल्यावर त्यांचंच मत बदललं. तुझ्या साहेबालाही तीन महिने बघू दे, मत आपोआप होईल.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अशी विनंती करण्याचा हक्क आहे. आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याची वाट ठेवली, तीही दोघांच्या संमतीनं. तुझ्यासारखीच्या हातात आज तरी कायद्यापेक्षा भरवसाच जास्त कामाचा.

आता तू रोज सकाळी बघतेस त्या सकारात्मक विचारांच्या व्हिडिओंबद्दल. "सगळं छान होणार आहे असं मनात रंगवते, काका," असं लिहिलंस. मन खंबीर ठेवतेस ते बरंच आहे. पण गॅब्रिएल ओटिंगन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीतल्या पदवीधरांचा अभ्यास केला, त्यात चांगल्या नोकरीची स्वप्नं जे जास्त रंगवत होते त्यांनी अर्ज कमी पाठवले, आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी निघाला. आपल्याला जमेल असा ज्यांना भरवसा होता, त्यांचं मात्र चांगलं झालं. भरवसा वेगळा आणि रंगवणं वेगळं. स्वप्न बघून झालं की लगेच आडवं काय येईल तेही बघ. तुमच्या जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि लाईटपाठोपाठ नेटवर्क जातं. पुण्यातली मीटिंग सुरू असताना तू गायब झालीस तर तुझ्या अर्जाची सगळी पुण्याई त्या अर्ध्या तासात संपेल. खानापुरात तुझी मावशी राहते ना? जून ते सप्टेंबर तिच्या माडीवर एक टेबल मांड. लाईट गेली की गाडी काढायची आणि मावशीकडे जायचं, हे आजच ठरवून ठेव. मी याला सकारात्मक विचार म्हणतो.

आणि "आपली कुठे ओळखच नाही" हे तू लिहिलंस त्यानं मला खरं वाईट वाटलं, कारण त्यात अर्धं खरं आहे. त्या ट्रिप डॉट कॉममध्येच आधी, 2010-11 साली, एक प्रयोग झाला होता. तेव्हा लोक जवळजवळ पूर्ण आठवडा घरून काम करत. काम 13 टक्क्यांनी वाढलं, पण प्रयोग संपल्यावर संधी मिळताच त्यातले निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे मोठं कारण. तू चार वर्षं खोलीत बसून काम केलंस. कामात तरबेज झालीस, पण ऑफिसबाहेर तुला ओळखणारी माणसं किती?

ओळख म्हणजे कार्ड वाटणं असं समजू नकोस. तहान लागल्यावर विहीर खणणारे मी बरेच पाहिले, ते चेंबरच्या, म्हणजे उद्योजकांच्या संघटनेच्या, कार्यक्रमात कार्ड देतात आणि दुसऱ्या दिवशी काम मागतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्क्यांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. माझंही तसंच झालं. गोकाकचे एक कारखानदार, माझे प्रतिस्पर्धीच म्हणायचे. एकदा त्यांना होनिंगचे, म्हणजे बोअर आतून घासून गुळगुळीत करायचे, दगड तातडीनं हवे होते, मी माझ्याकडचे दिले. मग तीन वर्षं भेट नाही. एक दिवस त्यांचा फोन आला, गोव्यात बोटी बांधणाऱ्या एकाला सिलिंडर हवेत, तुमचं नाव सांगितलंय. त्या गिऱ्हाइकानं मला पुढची मंदी तारून नेली.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या आमच्या पॅटर्न मेकरशी मी कन्नडमध्ये बोलतो, हिशेबनीसाशी मराठीत, गोव्याच्या गिऱ्हाइकाशी मोडक्या कोंकणीत. भाषेवरून इथं किती ताणतणाव झाले ते मी पाहिलंय, आणि मराठी माझी आई आहे. पण दारात उभं राहून "ऊट आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का, असं विचारलं की समोरचा खुर्ची पुढे करतो. तुझं कन्नड शाळेपुरतं राहिलंय, ते बोलायला काढ. आठवड्यातून एक सकाळ उद्यमबागेत किंवा मच्छेला ये, कुणाचं ड्रॉइंग अडलं असेल तर बघून दे. पहिल्या वेळी पैसे मागू नकोस, दुसऱ्या वेळी जरूर माग.

अर्जाचा मसुदा रविवारी घेऊन ये. मराठीत लिहिलास तरी चालेल, इंग्रजी आपण बसून करू. त्या मापाच्या बाई आता अनगोळात स्वतःची तपासणीची खोली चालवतात, सहा-सात कारखान्यांचा माल त्यांच्याकडे येतो, माझाही. कालच तुझ्याबद्दल बोललो. म्हणाल्या, पाठवा, पण अकरानंतर, त्याआधी माल निवलेला नसतो.

तुझा,
काका