चौथी ट्यूब आणू नका

प्रिय ताई,

वर्षभरात तीनदा खाज आणि अंगावरून पांढरं जाणं, तिन्ही वेळा नणंदेने सुचवलेली तीच ट्यूब, चार दिवस आराम आणि पुन्हा पहिल्यासारखंच. आता तर वासही येतो. सासूबाई म्हणतात धुपणी आहे, अंगातली ताकद जातेय. आणि हे नवऱ्याला सांगायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

आधी ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या कितीतरी मिश्र क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने खाज झटकन थांबते, पण दुखणं तसंच राहतं. शिवाय वास येतोय, म्हणजे ते बुरशीचं नसेलही. बुरशीत बहुधा दह्याच्या गुठळ्यांसारखं जातं, खाज फार सुटते, वास नसतो. पातळ, करडं आणि संबंधानंतर माशासारखा वास येत असेल, तर तिथल्या चांगल्या जिवाणूंचं प्रमाण बिघडलेलं असू शकतं. त्यावर मेट्रोनिडाझोलचा सात दिवसांचा कोर्स देतात. बुरशीची ट्यूब तिथे कामाची नाही. पिवळट-हिरवं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या संबंधांतून पसरणाऱ्या जंतूची शंका येते, आणि मग नवऱ्यालाही, त्रास नसला तरी, गोळ्या घ्याव्या लागतात. तसं निघालं तर लगेच संशय घेऊ नका. हा जंतू महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो.

पण ही लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून आतून तपासणी हवीच. कापसाच्या काडीवर स्राव घेतात, पट्टीवर आम्लता बघतात (पीएच 4.5 च्या वर गेला तर बहुधा बुरशी नव्हे), काच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पाच मिनिटांचं काम आहे. सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे अशा आजारांच्या विभागात, तपासणी आणि औषध मोफत मिळतं. बाई डॉक्टर हव्यात असं मोकळेपणाने सांगा.

त्रास परत परत होतोय, म्हणून रक्तातली साखरही तपासून घ्या. आणि थकव्याचं खापर धुपणीवर फोडू नका, हिमोग्लोबिन बघा. दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं थोडं जाणं तर निरोगीपणाचंच.

साडीखाली लपवून वाळवलेले, अर्धवट ओले आतले कपडे घालता ना? ते उद्यापासून उन्हात टाका, कोणी बघितलं तरी चालेल. अँटिसेप्टिकच्या पाण्याने आतून धुणंही बंद करा, त्याने चांगले जिवाणू मरतात.

ओटीपोटात दुखलं, ताप आला किंवा पाळी चुकली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी चुकल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, कारण बुरशीवरची फ्लुकोनाझोलची गोळी गरोदरपणात टाळतात.