दवंडी आणि अलिखित नियम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकातील ग्रीक शोकांतिकांवरील टिपणानंतर आलेली बहुतेक पत्रे सोफोक्लिसच्या 'अँटिगनी' या एकाच नाटकाविषयी आहेत. नाटक न वाचलेल्यांसाठी कथा थोडक्यात अशी. ईडिपसचे दोन मुलगे, इटिओक्लिस आणि पॉलिनायसिस, थीब्ज या ग्रीक शहराच्या गादीसाठी लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. गादीवर आलेला त्यांचा मामा क्रेऑन शहराचे रक्षण करणाऱ्या इटिओक्लिसला सन्मानाने पुरतो. परकी फौज घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत मात्र उघड्यावर कुत्र्यांना आणि पक्ष्यांना टाकावे, त्याला मूठमाती देईल त्याला देहदंड मिळेल, अशी दवंडी तो पिटवतो. बहीण अँटिगनी ही आज्ञा मोडते. तिला जिवंतपणी गुहेत कोंडले जाते आणि तिथे ती गळफास घेते. तिचा वाग्दत्त वर हीमॉन हा क्रेऑनचाच मुलगा. तो तिच्याजवळ स्वतःवर तलवार चालवतो आणि ते कळल्यावर क्रेऑनची पत्नी युरिडिसीही जीव देते.

प्रश्न : प्रत्येकाने आपापल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून आज्ञा मोडायची ठरवली तर राज्य चालेल कसे? नुकत्याच युद्धातून वाचलेल्या शहराच्या प्रमुखाने देशद्रोह्याला कठोर वागणूक दिली, यात क्रेऑनचे नेमके काय चुकले?

उत्तर : क्रेऑनला पहिल्या प्रवेशापासूनच जुलमी ठरवून टाकणारे वाचन मला अपुरे वाटते, म्हणून तुमचा प्रश्न मोलाचा आहे. क्रेऑनचे पहिले भाषण पुन्हा वाचा. शहर हे आपल्या सर्वांना वाहून नेणारे जहाज आहे, ते सरळ चालले तरच माणसाला मित्र जोडता येतात, आणि जो आपल्या आप्ताला देशापेक्षा मोठा मानतो त्याला मी कवडीमोल समजतो, असे तो म्हणतो. यातले एकही वाक्य अथेन्सच्या नागरिकाला आक्षेपार्ह वाटले नसते. नाटक इ.स.पू. ४४१च्या सुमारास रंगमंचावर आले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, इ.स.पू. ३४३ मध्ये, अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने भर न्यायालयात याच भाषणातल्या ओळी वाचून घेतल्या आणि त्या राज्यकारभाराचा आदर्श म्हणून पुढे ठेवल्या. त्याचा प्रतिस्पर्धी एस्किनिस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका केलेली होती. तोंडाने अनेकदा म्हटलेल्या या ओळी तू आचरणात विसरलास, असा डेमॉस्थेनिसचा आरोप होता. शिवाय सोफोक्लिस स्वतः सत्तेबाहेर बसून सत्तेवर टीका करणारा माणूस नव्हता. तो अथेन्सच्या नेतृत्वाखालील ग्रीक शहरांच्या संघाच्या खजिनदारांपैकी एक होता आणि सामोस बेटाविरुद्धच्या युद्धात अथेन्सचा नेता पेरिक्लिस याच्याबरोबर सेनापती म्हणून निवडून आला होता.

देशद्रोह्याला मूठमाती नाकारणे हीसुद्धा क्रेऑनची नवी कल्पना नव्हे. देशद्रोही आणि देवळे लुटणारे यांना अटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, भूमीत पुरू नये, असा अथेन्सचाच कायदा होता. अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लिस याच्यावर देशद्रोहाचा ठपका असल्यामुळे त्याच्या अस्थी नातेवाइकांनी मायदेशी चोरून पुरल्या, असे त्यांचे म्हणणे असल्याची नोंद इतिहासकार थ्युसिडिडिसने केली आहे. परंतु त्या कायद्यात सीमेबाहेर पुरण्याची वाट मोकळी होती. क्रेऑन ती वाट बंद करतो. प्रेत कोणी कुठेही पुरू नये, एवढेच नव्हे तर त्यासाठी कोणी शोकही करू नये, असे तो फर्मावतो आणि ते प्रेत सर्वांच्या डोळ्यांदेखत सडू देतो. मृताला परलोकातल्या देवांच्या स्वाधीन करणे हे जिवंतांचे ऋण आहे, ही ग्रीकांची दृढ श्रद्धा होती. त्यामुळे शत्रूचे शव परत देण्याची रीत युद्धातही पाळली जात असे. क्रेऑनची शिक्षा अशा रीतीने अपराध्याला ओलांडून देवांच्या हिश्शाला हात घालते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. या आज्ञेसाठी अँटिगनी पुन्हा पुन्हा दवंडी या अर्थाचा शब्द वापरते आणि देवांच्या अलिखित, अढळ नियमांपुढे तुझ्या दवंडीला एवढे बळ असेल असे मला वाटले नाही, असे क्रेऑनला तोंडावर सांगते. क्रेऑन मात्र आपल्या आज्ञेला 'कायदा' म्हणतो. हा वाद शब्दांपुरता नाही, कारण ती आज्ञा कोणाला विचारून काढली गेली याचे उत्तर नाटकभर मिळत नाही. थीब्जच्या वृद्धांना बोलावून घेतले जाते ते निर्णय ऐकवण्यासाठी, आणि तेही 'मृतांबाबत आणि जिवंतांबाबत हवा तो नियम लावणे तुझ्या हाती आहे' एवढेच म्हणून गप्प बसतात. हा होकार म्हणावा की भीती, हे प्रेक्षकाने ठरवायचे. पुढे हीमॉन येऊन सांगतो की लोक अंधारात या मुलीसाठी हळहळत आहेत, पण तुमच्या नजरेच्या धाकाने बोलत नाहीत. पुराच्या काठावर वाकणारी झाडे टिकतात आणि ताठ राहणारी मुळासकट उन्मळतात, असे तो विनवतो. शहर सत्ताधीशाचेच असते ना, असे बाप विचारतो तेव्हा मुलगा उत्तर देतो की मग ओसाड रानावर एकट्याने राज्य करणे तुम्हाला छान जमेल. त्याच्या आधी त्याने म्हटलेले असते : एका माणसाचे असते ते शहरच नव्हे. माझ्या मते क्रेऑनचा अपराध या संवादात सिद्ध होतो. जहाजाची उपमा देणारा माणूस आता जहाजावरच्या लोकांना मोजेनासा झालेला आहे. प्रेतावरचा पहारेकरी, हीमॉन, आंधळा द्रष्टा टायरेसिअस, जो कोणी वेगळे काही सांगतो तो त्याला लाच घेतलेला किंवा बाईच्या नादी लागलेला वाटतो.

राहिला तुमच्या प्रश्नातला 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द. आपण तो अँटिगनीला सहज चिकटवतो, पण तिची भाषा निराळी आहे. माझे मन मला असे सांगते, असे ती म्हणत नाही. हे नियम आजचे किंवा कालचे नाहीत, ते सदैव जिवंत आहेत आणि ते कधी प्रकटले हे कोणालाच ठाऊक नाही, असे ती म्हणते. म्हणजे ती स्वतःच्या आत बोट न दाखवता सर्वांना ठाऊक असलेल्या, सर्वांनी पाळलेल्या एका धर्माकडे बोट दाखवते. तेव्हा प्रत्येकाने आपल्याच मनाप्रमाणे वागले तर काय होईल, ही तुमची भीती या नाटकात आधी क्रेऑनलाच लागू पडते. मात्र तिची बाजू मी याहून सोपी करणार नाही. तिला मृत्यूकडे नेले जात असताना कोरस, म्हणजे थीब्जच्या त्या वृद्धांचा समूह, तिला 'स्वतःच्या नियमाने चालणारी' म्हणतो. 'ऑटोनॉमस' या विशेषणाचा आपल्याला उपलब्ध असलेला हा सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक आहे, आणि तो एखाद्या स्वतंत्र शहराऐवजी मरणाच्या वाटेवरच्या एका मुलीला उद्देशून आलेला आहे. त्यात कौतुक किती आणि ठपका किती, हे मूळ ओळीतूनही ठरवता येत नाही.

प्रश्न : शेवटच्या भाषणात अँटिगनी म्हणते की नवरा किंवा मूल मेले असते तर मी शहराविरुद्ध गेले नसते. हे वाचून मला तिच्याविषयीचा आदर डळमळल्यासारखा वाटला. हा भाग खरोखर सोफोक्लिसचा आहे का?

उत्तर : तुमच्यासारखेच जर्मन कवी गटेलाही वाटले होते. एखाद्या अभ्यासकाने हा उतारा प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, ठरवावा, अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये आपला सहकारी एकरमान याच्यापाशी बोलून दाखवली होती. अडचण अशी की ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात याच ओळींचा आधार घेतला आहे, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकात त्या नाटकाचा भाग मानल्या जात होत्या. अँटिगनीचा युक्तिवाद असा आहे : नवरा दुसरा मिळू शकतो, मूलही दुसरे होऊ शकते, पण आईबाप परलोकी गेल्यावर भाऊ पुन्हा जन्माला येत नाही. हिरोडोटसच्या इतिहासात असाच प्रसंग आहे. कुटुंबासह कैद झालेल्या इंटाफर्निसच्या बायकोला इराणचा दारियस राजा एकाच कैद्याचे प्राण मागण्याची मुभा देतो आणि ती नवरा व मुले सोडून भावाला मागते. तिथे हे कारण नेमके बसते, कारण तिचा भाऊ वाचू शकतो. अँटिगनीचा भाऊ तर आधीच मेलेला आहे, म्हणूनच अनेकांना हा युक्तिवाद उसना आणि अस्थानी वाटतो.

मी हा उतारा सोफोक्लिसचाच मानतो आणि त्याने तो जाणीवपूर्वक ठेवला असे मला वाटते. क्रेऑनसमोर उभे असताना तिने देवांचे सनातन नियम सांगितले. आता ती गुहेच्या तोंडाशी आहे, लग्नाआधीच मरणार आहे, देवही मदतीला येत नाहीत, आणि अशा वेळी ती आपल्या कृतीच्या मुळाशी असलेल्या एका माणसापर्यंत येऊन पोहोचते. एका तत्त्वासाठी मरायला निघालेला माणूस शेवटच्या घटकेला त्या तत्त्वाचे वेगळेच, अधिक खाजगी कारण देतो, हे मला विसंगत न वाटता हृदयद्रावक वाटते. 'द्वेषात वाटेकरी होण्यासाठी माझा जन्म नाही, प्रेमात वाटेकरी होण्यासाठी आहे' असे तिने आधी म्हटले होते; त्या वाक्याची किंमत ती इथे मोजते. तुमचा आदर डळमळला असेल तर तो डळमळूनही टिकतो का, हे एकदा सावकाश वाचून पाहा.

प्रश्न : अँटिगनीची बहीण इस्मिनी भित्री आहे का?

उत्तर : नाही. आपण स्त्रिया आहोत, सत्तेपुढे आपला इलाज नाही, मृतांनी मला क्षमा करावी, असे ती सुरुवातीला म्हणते. पण बहीण पकडली गेल्यावर न केलेल्या कृत्यात वाटा मागायला तीच पुढे येते. अँटिगनी तिला झिडकारते. न्याय्य कृत्य करणारी ही नायिका सख्ख्या बहिणीशी किती निष्ठुरपणे वागते, हे लपवण्याचा प्रयत्न सोफोक्लिसने केलेला नाही आणि आपणही करू नये.

प्रश्न : सॉक्रेटिसला तुरुंगातून पळून जाण्याची संधी होती, तरी कायद्याचा मान राखण्यासाठी तो मरायला तयार झाला. मग तो क्रेऑनच्या बाजूचा म्हणायचा का?

उत्तर : इ.स.पू. ३९९ मधल्या त्या एका निर्णयावरून असे वाटू शकते, पण त्याआधीची दोन वर्तने शेजारी ठेवल्याशिवाय तो निर्णय नीट समजत नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसीची समुद्रावरची लढाई जिंकूनही, पाण्यात पडलेल्या आपल्या माणसांना वादळामुळे उचलून आणले नाही म्हणून अथेन्सच्या सेनापतींवर एकत्रित खटला भरण्यात आला. एकत्रित मतदान बेकायदा असल्याचे सांगून सॉक्रेटिसने त्या दिवशी संतापलेल्या सभेला विरोध केला. तरीही सहा सेनापतींना ठार मारण्यात आले. पुढे अथेन्सची सत्ता बळकावलेल्या तीस जुलमी सत्ताधीशांनी त्याला आणि आणखी चौघांना सलामिसच्या लिऑनला ठार मारण्यासाठी पकडून आणण्याचा हुकूम केला. ते चौघे गेले आणि सॉक्रेटिस सरळ घरी निघून आला. स्वतःच्या खटल्यातही, तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर तुम्ही मला सोडणार असाल तर मी तुमच्यापेक्षा देवाचे ऐकेन, असे त्याने न्यायसभेला सांगितल्याचे त्याचा शिष्य प्लेटो लिहितो. हे वाक्य अँटिगनीच्या तोंडीही शोभले असते.

म्हणजे अन्याय करण्याची आज्ञा तो मानत नाही, पण स्वतःवर झालेला अन्याय टाळण्यासाठी कायदा मोडणेही त्याला मान्य नाही. प्लेटोच्या 'क्रीटो' या संवादामध्ये अथेन्सचे कायदे जणू मनुष्यरूप घेऊन त्याच्याशी बोलतात : आमचे चुकत असेल तर आम्हाला पटवून दे, पटवता येत नसेल तर ऐक. सॉक्रेटिसला सत्तर वर्षे पटवून देण्याची मुभा मिळाली होती. अँटिगनीला ती कधीच नव्हती, आणि हीमॉनने तिच्या वतीने प्रयत्न केला तेव्हा या वयात पोराकडून शहाणपण शिकू काय, असे म्हणून त्याला गप्प करण्यात आले. या दोघांमधला खरा फरक मला त्यांच्या स्वभावापेक्षा या परिस्थितीत दिसतो.

प्रश्न : आज्ञा आणि मन यांचे द्वंद्व दाखवणारे दुसरे एखादे ग्रीक नाटक सुचवाल का?

उत्तर : सोफोक्लिसचेच 'फिलोक्टीटिस' वाचा. इ.स.पू. ४०९ मध्ये ते सादर झाले तेव्हा नाटककाराने वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती, आणि त्याला पहिले पारितोषिक मिळाले. सापाच्या दंशाने पाय नासलेल्या फिलोक्टीटिसला ग्रीक सैन्याने दहा वर्षांपूर्वी लेम्नोस बेटावर टाकून दिले होते. आता त्याचे धनुष्य असल्याशिवाय ट्रॉय पडणार नाही, असे कळले आहे. फसवून ते आणण्याचे काम ग्रीक सरदार ओडिसिअस हा अकिलिसच्या तरुण मुलावर, निओप्टोलेमसवर सोपवतो. दिवसाच्या थोड्याशा वेळासाठी निर्लज्ज हो, मग आयुष्यभर तुला सज्जन म्हणतील, असे तो त्याला सांगतो. मुलगा आधी नाकारतो, मग सैन्याच्या हितासाठी तयार होतो, खोटे बोलतो आणि धनुष्य त्याच्या हातात येतेही.

सदसद्विवेकबुद्धी हा शब्द मी अँटिगनीसाठी जपून वापरतो, तो इथे मात्र निःसंकोच वापरेन. अँटिगनीचा निश्चय पडदा उघडण्यापूर्वीच झालेला असतो; निओप्टोलेमसचा निश्चय आपल्यासमोर होतो. वेदनेचा झटका येऊन फिलोक्टीटिस तळमळतो, विश्वासाने धनुष्य याच्याकडे सोपवतो, झोपी जातो, आणि जागा झाल्यावर हा अजून इथेच आहे म्हणून त्याचे आभार मानतो. त्या आभारांनी मुलगा हादरतो. माणूस आपला मूळ स्वभाव सोडून त्याला न शोभणारे काही करू लागला की सारेच किळसवाणे होते, असे तो म्हणतो. इथे ना देवांचा अलिखित नियम आहे, ना रक्ताचे नाते. समोरच्या माणसाची वेदना आणि स्वतःची लाज एवढेच आहे. अखेर, सगळे सैन्य तुझ्यावर उठेल अशी ओडिसिअसची धमकी ऐकूनही तो धनुष्य परत करतो. फिलोक्टीटिस ट्रॉयला यायला तयार होत नाही, तेव्हा त्याला घरी पोहोचवण्याचे वचन तो पाळायला निघतो. त्यात ट्रॉयचा विजय आणि त्याची स्वतःची कीर्ती, दोन्ही जाणार असतात. देवत्व पावलेला वीर हेराक्लिस प्रकट होऊन दोघांना ट्रॉयला धाडतो तो यानंतर, दोघे किनाऱ्याकडे चालू लागलेले असताना.