मृत्युदराचा डेटा : सुरुवात कुठून करावी

पहिला मुक्काम ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस. नोंदणी फुकट, देश चाळीसच्या आसपास, पण नोंदी विश्वासार्ह. स्वीडनचे आकडे तर थेट 1751 पासूनचे. सरावाला तोच देश घ्या.

फाइल उघडलीत की वयाच्या रकान्यात शेवटी ‘110+’ दिसेल. त्या अधिकच्या चिन्हामुळे अख्खा रकाना मजकूर म्हणून वाचला जातो आणि आलेख भलतेच येतात. रिकाम्या जागी शून्य नसतं, नुसता टिंब असतो. बेल्जियमची 1914 ते 1918 ही वर्षं तशीच कोरी आहेत. ती भरायला जाऊ नका.

आता खरी मेख. तिथल्या लाइफ टेबलमधले (वयागणिक मृत्यूची शक्यता आणि उरलेलं आयुर्मान दाखवणारा तक्ता) अतिवृद्ध वयाचे दर जसेच्या तसे मोजलेले नसतात, कॅनिस्टो मॉडेल या उतारवयातल्या मृत्युदराच्या गणिती सूत्राने गुळगुळीत केलेले असतात. त्या मॉडेलची वक्ररेषा मुळातच पुढे सपाट होत जाते. म्हणजे ‘शंभरीनंतर मृत्युदर स्थिरावतो का?’ हे त्यावरून तपासणं म्हणजे मॉडेललाच साक्षीला बोलावणं. अशा प्रश्नाला मृत्यूंचे मूळ आकडे घ्या, किंवा इंटरनॅशनल डेटाबेस ऑन लाँजेव्हिटीकडे वळा. तिथे 110 वर्षांपुढच्या व्यक्तींची वयं कागदपत्रांवरून पडताळलेली असतात. वय फुगवून सांगणारे सगळीकडेच असतात, म्हणून ही पडताळणी लाखमोलाची.

बाकी सगळे देश हवे असतील तर संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्या अंदाज आहेतच. मात्र नोंदणी कच्ची असलेल्या देशांचे आकडे बरेचसे मॉडेलमधून आलेले असतात, एवढं ध्यानात ठेवूनच तुलना करा.