खडकावर पहिल्यांदा जाताना

ओहोटीत खडकाळ किनाऱ्यावरचे समुद्री जीव पाहायला जायचं, तर आधी पंचांग उघड. तिथीला तीनाने गुणून चाराने भाग, की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. हा जुना हिशोब मुंबईत चालतो, पण निघण्याआधी भरतीचा तक्ता पाहाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी लांब ओसरतं, तेव्हा ये. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, फारसं काही उघडं पडत नाही.

हाजी अलीला किंवा कार्टर रोडला दगड उलटलास तर तसाच परत ठेव. खालच्या बाजूचे जीव उन्हात लवकर वाळतात. लोक हेच विसरतात, फोटो काढण्याच्या नादात!

खाचेतल्या डबक्यांत थर्मामीटर बुडवून नोंद ठेव. मे महिन्यात ते पाणी समुद्रापेक्षा बरंच तापतं. उष्णता टिकून राहिली तर प्रवाळातलं शेवाळ निघून जातं आणि तो पांढरा पडतो. (हो, मुंबईत प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली-वरळीहून काही वसाहती हलवल्या होत्या.)

मला जास्त धास्ती किनाऱ्यावर बांधलेल्या भिंतींची वाटते. समुद्राची पातळी वाढली की कालवं, खेकडे, तिवरं जमिनीकडे सरकू पाहतात. मागे भराव आणि काँक्रीट असेल तर सरकणार कुठे? भरती-ओहोटीमधला पट्टा दोन्हीकडून आवळत जातो. म्हणून दरवेळी एकाच जागेवरून, भिंत दिसेल असा फोटो काढ.

आणि पावसाळ्यात निळे फुगे (ब्लूबॉटल, जेलीफिशसारखे जीव) दिसले तर हात लावू नकोस, जबर डंखतात.