गावातल्या रोटरी क्लबचं मेंबर व्हावं का? तिथे खरंच काम होतं की नुसतेच हारतुरे?

बँकेतून बदली होऊन तालुक्याच्या गावी आलात आणि दोन महिन्यांत रोटरीवाल्यांनी मेंबर व्हायची गळ घातली, असं तुम्ही लिहिलंय. त्यात नवल काही नाही. बँकेचे नवे साहेब, नवे डॉक्टर आणि नवे प्राचार्य यांच्याकडे क्लबची माणसं पहिल्या महिन्यातच पेढे घेऊन जातात. तुमचे प्रश्न दोन आहेत: काम खरं असतं का, आणि नोकरी सांभाळून जमतं का. माझं मेडिकलचं दुकान आहे, बरीच वर्षं अशाच एका तालुक्याच्या क्लबात आहे, एकदा सेक्रेटरीही होतो. त्या अनुभवावर सांगतो.

हारतुरे असतात. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, म्हणून दर जुलैत पदग्रहण. नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर, जुन्यांचे आभार, प्रांतपालांचं (आसपासच्या अनेक क्लबांच्या मिळून होणाऱ्या ‘डिस्ट्रिक्ट’च्या प्रमुखांचं) भाषण, मग फोटो. नावाआधी ‘रो.’ म्हणजे रोटेरियन लागतं, माजी अध्यक्षाला सगळे ‘पीपी’ (पास्ट प्रेसिडेंट) म्हणतात आणि मीटिंग घंटा वाजवून सुरू होते. मीटिंगनंतरच्या जेवणाला ‘फेलोशिप’ म्हणायचं. नव्या माणसाला हे सगळं नाटकी वाटतं. मला त्यातलं थोडं अजूनही वाटतं, पण एक कबूल करायला हवं: दर आठवड्याला एकत्र जेवणारी माणसं एकमेकांना रात्री अकराला फोन करून ‘सकाळी गाडी पाठव’ म्हणू शकतात. गावात एरवी एवढी ओळख व्हायला दहा वर्षं जातात.

पदग्रहणाला जाऊन क्लब पारखू नका. तिथे सगळेच क्लब छान दिसतात. त्यापेक्षा वर्षभरापूर्वीचा एखादा प्रकल्प निवडा आणि सुट्टीच्या दिवशी गुपचूप जाऊन बघून या. शेजारच्या तालुक्यात एका जिल्हा परिषदेच्या शाळेत कुठल्याशा क्लबने बसवलेला पाण्याचा फिल्टर मी पाहिला आहे. वर अध्यक्ष, सेक्रेटरी आणि प्रकल्प प्रमुख यांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी आणि खाली कोरडा नळ. फिल्टरची कँडल बदलायची कुणी, तिचे पैसे कुणी द्यायचे, हे देताना ठरलंच नव्हतं. शाळेच्या गुरुजींना तुम्ही विचारलंत, ‘क्लबचं कोणी नंतर आलं होतं का?’ तर त्या एका उत्तरात तुम्हाला सगळं कळेल.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. डोळ्यांच्या शिबिराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घाम तिथेच गळतो.

लोकांना वाटतं शिबिर म्हणजे एक दिवस. शाळेत टेबलं मांडायची, डॉक्टर येतात, तपासतात, संपलं. प्रत्यक्षात तो दिवस सगळ्यात सोपा. शाळेत फक्त तपासणी होते. ऑपरेशन हॉस्पिटलच्या थिएटरमध्येच, आणि ते बरोबरच आहे, पूर्वी मंडप ठोकून ऑपरेशनं व्हायची त्यात जंतुसंसर्गाने डोळे गेलेले आहेत. तपासणीत मोतीबिंदू निघाला की त्या माणसाचं नाव यादीत जातं, आणि खरं काम त्या यादीपासून सुरू होतं.

यादीतल्या आजींचा म्हणून जो मोबाइल नंबर लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा नातवाचा असतो आणि नातू फोनसकट पुण्याला कामाला गेलेला असतो. मग दूधवाल्याकडून निरोप. निरोप पोचला की कारणं सुरू: म्हशीची धार कोण काढणार, घरात लग्न आहे, काढणी चाललीय, उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करायचं नसतं, मोतीबिंदू अजून पिकला नाही. शेवटची दोन कारणं जुन्या काळची. आता मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही, उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं. पण हे मी सांगून उपयोग नसतो. त्याच वाडीतल्या, गेल्या वर्षी ऑपरेशन झालेल्या एखाद्या मावशींना सोबत न्यायचं. त्या ओट्यावर बसून ‘अगं, मला आता तांदळातले खडे दिसतात’ म्हणाल्या की काम होतं.

मग रक्तातली साखर. हॉस्पिटलात गेल्यावर शुगर किंवा बीपी जास्त निघालं की पेशंट परत पाठवतात. माणूस कामाचा दिवस मोडून, पोराला रजा घ्यायला लावून आलेला असतो, तो चिडतो, आणि पुन्हा येत नाही. म्हणून आम्ही गाडी काढायच्या आठ-दहा दिवस आधीच यादीतल्यांची शुगर-बीपी तपासतो, ज्यांचं वाढलेलं आहे त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतो आणि पुढच्या फेरीत घेतो. ही साधी गोष्ट बसवायला एक तरुण डॉक्टर मेंबर आणि एक चिवट सेक्रेटरी लागला. ऑपरेशननंतर काळा चष्मा आणि थेंबांच्या बाटल्या. थेंब महिना-सव्वा महिना घालायचे, दर आठवड्याला प्रमाण कमी करत. चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून आमचा एकजण बाटल्यांना रंगीत दोरे बांधतो आणि घरातल्या शाळकरी पोराला समजावतो. महिन्याने पुन्हा तपासणी, जवळच्या चष्म्याचा नंबर. त्या दिवशी फोटोग्राफर नसतो, पाहुणे नसतात, आणि मेंबरही चारच येतात. तुम्ही त्या चारांत बसाल का, एवढंच स्वतःला विचारा.

रोटरीचं सगळ्यात मोठं काम पोलिओचं, तेही असंच झालं. रोटरीने १९८५ साली ‘पोलिओप्लस’ सुरू केलं. आपल्याकडे पल्स पोलिओचे रविवार १९९५ पासून. बूथवर डोस पाजून डाव्या करंगळीला शाई लावायची, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतरचे दिवस फार जणांनी पाहिले नाहीत. आशाताई, अंगणवाडीताई आणि आरोग्य सेविका घरोघर जाऊन भिंतीवर खडूने खूण करायच्या: सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घरावर ‘पी’, एखादं मूल राहिलेल्या घरावर ‘एक्स’. आणि मग ‘एक्स’च्या घरांवर पुन्हा जायचं, मूल शेतावर असेल तर शेतावर, वीटभट्टीवर असेल तर भट्टीवर. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगात सर्वांत जास्त. शेवटची रुग्ण पश्चिम बंगालमधल्या हावड्याची चिमुरडी, १३ जानेवारी २०११. त्यानंतर एकही नाही, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. यात रोटरीने पैसा उभा केला, सरकारांच्या मागे लागून राहिली, गावोगावच्या क्लबांनी गाड्या, चहा-नाश्ता, माणसं दिली. पण पायपीट त्या ताईंची. आमच्यातले काही जण भाषणात ‘आम्ही पोलिओ घालवला’ म्हणतात तेव्हा मला कानकोंडं होतं.

रक्तदान शिबिर घ्यायला सोपं आणि म्हणूनच सगळे घेतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, नेत्यांचे वाढदिवस, एकाच आठवड्यात तालुक्यात चार मंडप. साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. म्हणजे एकदम शंभर पिशव्या गोळा करून मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, सतत रक्त भरावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या पोराला रक्त मिळत नाही ते नाहीच. त्यामुळे आम्ही तारीख ब्लड बँकेला विचारून ठरवतो. ते हमखास मे किंवा दिवाळीनंतरचे दिवस सांगतात, जेव्हा गावात कोणी नसतं. पिशव्या कमी निघतात, पेपरात बातमी छोटी येते, पण उपयोग जास्त. शिबिराला बायका उत्साहाने येतात आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत जातात. हे दर वेळी बघून इनरव्हीलच्या, म्हणजे रोटरीशी जोडलेल्या बायकांच्या क्लबच्या, ताईंनी त्याच टेबलाशेजारी हिमोग्लोबिन तपासणी आणि लोहाच्या गोळ्या असं वेगळंच काम सुरू केलं. ते मूळ शिबिरापेक्षा चांगलं चाललंय, असं माझं मत.

शारीरिक काम हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात या. परतीचा पाऊस संपला आणि ओढा अजून वाहता असला की वनराई बंधारे घालायचे. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेने हा प्रकार गावोगावी नेला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, तोंड शिवून वीटबांधणीसारखे सांधे चुकवत थर लावायचे, मध्ये चिकणमाती. खर्च जवळजवळ शून्य, फक्त गोण्या उन्हाळ्यापासूनच बिल्डरांकडून मागून ठेवाव्या लागतात. गुरांना पाणी मिळतं, हरभऱ्याला एखादं पाणी जास्त मिळतं. पावसाळ्याआधी त्या गोण्या काढल्या नाहीत तर प्लॅस्टिकच्या चिंध्या ओढाभर होतात. काढायला मात्र कोणी येत नाही.

पैशांचं. आमच्याकडे वर्गणी वर्षाला दहा-बारा हजारांच्या आसपास पडते, शहरांत याच्या कितीतरी पट. त्यातला एक वाटा रोटरी इंटरनॅशनलला डॉलरच्या भावाने जातो, काही डिस्ट्रिक्टला, बाकी जेवणं आणि हॉल. प्रकल्पांना वेगळी वर्गणी निघते, आणि ‘पॉल हॅरिस फेलो’ची पिन दिसली की समजा त्या माणसाच्या नावे रोटरी फाउंडेशनला हजार डॉलर गेलेत. फाउंडेशनच्या वार्षिक निधीत दिलेल्या पैशांतला साधारण निम्मा तीन वर्षांनी आपल्याच डिस्ट्रिक्टकडे प्रकल्पांसाठी परत येतो. डायलिसिस मशीनसारखी मोठी कामं फाउंडेशनच्या ‘ग्लोबल ग्रँट’ या अनुदानातून होतात. त्याला परदेशातला एक क्लब भागीदार लागतो आणि प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. कागदपत्रं भरपूर. कोणी पिनसाठी फार आग्रह धरला तर हसून ‘पुढच्या वर्षी’ म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही. तुम्ही बँकेतले आहात, क्लबचा आणि त्याच्या ट्रस्टचा ऑडिट झालेला हिशेब मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर मेंबर होऊ नका.

वेळ. मीटिंग आठवड्याची किंवा पंधरवड्याची, तास-दीड तास. हजेरीचे नियम पूर्वीसारखे कडक राहिलेले नाहीत. मार्चएंडला तुम्ही दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. खरा वेळ जातो फोनवर. एक प्रकल्प अंगावर घेतलात तर महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास धरा. तेवढा जमणार नसेल तर मेंबर न होताही येता येतं. शिबिराला हात लागतातच, कोणी पावती मागत नाही.

रोटरीच हवी असंही नाही. डोळ्यांच्या कामात लायन्स क्लबची परंपरा मोठी आहे, १९२५ साली हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात आवाहन केलं तेव्हापासूनची. जायंट्स ग्रुप ही अशीच सेवाभावी संस्था तर आपल्या मुंबईतच नाना चुडासामांनी १९७२ साली सुरू केला, वर्गणी बहुधा कमी असते. मिसेसना वेगळं काम करायचं असेल तर इनरव्हील आहे, पण त्या थेट रोटरीतही येऊ शकतात. १९८९ पासून बायकांना रोटरीचं दार रीतसर उघडं आहे, तरी काही क्लबांत त्यांना अजून ‘ॲन’ (मेंबरची बायको) म्हणून नवऱ्याच्या बॅजमागेच उभं करतात. तुमच्या गावच्या क्लबात किती बायका स्वतःच्या नावाने मेंबर आहेत, हेही बघून घ्या.

फॉर्म भरायच्या आधी तीन-चार मीटिंगांना पाहुणे म्हणून जा, कोणी अडवत नाही. आणि एक सावधगिरी: बँकवाला माणूस आला की त्याला खजिनदार करायचं, हे बहुतेक क्लबांत न बोलता ठरलेलं असतं. पहिल्या वर्षी ते घेऊ नका. खजिनदार झालात की वर्षभर वर्गणीसाठी लोकांच्या मागे फिराल आणि एकही पेशंट बघणार नाही. त्याऐवजी त्यांना सांगा, डोळ्यांच्या शिबिराची यादी माझ्याकडे द्या. ती घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, त्यामुळे लगेच मिळेल.